आत्याच्या खिडकीतली खाच

१९६७ साली स्पेनमधल्या आमच्या तोरेसेका गावाने दगड लपवले. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आज एक्याऐंशीची आहे, पण त्या वसंतातला चुन्याचा वास अजून नाकात आहे, कारण त्या आठवड्यात अख्खं गाव आपापल्या भिंतींना चुना फासत होतं.

किल्ला आमच्या डोक्यावरच होता. तो बघायला मात्र आमच्यापैकी कुणी कधी गेलं नव्हतं. वर जायचं ते चुकलेली शेळी आणायला, नाहीतर दगड आणायला. अशा दगड आणण्यानेच गेल्या दोनशे वर्षांत अर्धा किल्ला उतरून गावात आला होता. एउसेबियाची डुकरं ज्या कुंडात खायची ती कुणा सरदाराची दगडी शवपेटी होती. आमच्या चुलीमागे कोरीव सिंह होता, धुराने काळा झालेला. आई त्याच्या डोक्यावर मिठाचं भांडं ठेवायची.

आणि माझ्या आत्याच्या, सिंफोरोसाच्या घरी खिडकी होती.

तिच्या पणजोबांनी बैलगाडीतून आणून ती सबंध खिडकी आपल्या भिंतीत बसवली होती. वर कमान, आणि भिंतीच्या जाडीत समोरासमोर दोन दगडी बैठका, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. डावीकडे आत्या बसायची. उजवीकडे बसायचा तिचा नवरा, गाउदेन्सिओ आतोबा. तो मूळचा मध विकणारा. गाढवावर मधाचे बुधले लादून दरसाल गावात यायचा, आणि एका वर्षी परत गेलाच नाही. घरजावई झाला. चाळीस वर्षं रोज दुपारी दोघं त्या खिडकीत बसून पाव आणि चीज खायची. कापण्याआधी तो आपल्या बैठकीच्या कडेवर सुरी घासायचा आणि आत्या रोज तेच ओरडायची, "अरे, दगड माझ्या पणजोबांचा आहे! सुरी तुझी आहे, ती स्वतःच्या डोक्यावर घास!" घासून घासून त्या कडेला करंगळी मावेल एवढी खाच पडली होती.

आतोबा जाऊन तीन हिवाळे झाले होते. आत्या अजून दुपारी डावीकडेच बसायची. समोरच्या रिकाम्या बैठकीशी बोलायची, मोठ्याने, आम्ही असलो तरी.

त्या साली प्रांताच्या कचेरीने किल्ला दुरुस्त करायचं काढलं. बेर्मेहो नावाचे आर्किटेक्ट आले, बारीक, चष्मेवाले, पायात शहरी बूट. सोबत सहा गवंडी. गावाला किल्ला हवा होता. किल्ला उभा राहिला तर डांबरी रस्ता होईल, बघायला माणसं येतील, पोरं सारागोसा शहराला पळायची थांबतील. पण स्वतःच्या घरातला दगड द्यायला कुणी तयार नव्हतं. बेर्मेहो साहेब किल्ल्याच्या दगडांवर खुणा करायला निळा खडू घेऊन दारोदार फिरायला लागले, तशी चुन्याची बादली गावात या घरून त्या घरी फिरायला लागली.

रविवारी पाद्रीबाबांनी चर्चमध्ये खडसावलं, "जे किल्ल्याचं आहे ते किल्ल्याला परत करा. चोरीच्या दगडाखाली झोप कशी येते तुम्हाला?"

मागच्या बाकावरून एउसेबिया म्हणाली, "बाबा, तुमचं पवित्र पाण्याचं पात्र कशावर उभंय, ते आधी बघा की."

सगळ्यांच्या माना वळल्या. पात्राखाली किल्ल्याच्या खांबाचा नक्षीदार माथा होता. इतकी वर्षं आम्ही त्यावरच्या पाण्यात बोटं बुडवून क्रूस काढत होतो. पाद्रीबाबांनी घाईघाईने पुढची प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी त्यांचाच दगड वर गेला, आणि मग लाजेने एकेकाचा निघू लागला. आमचा सिंह गेला. एउसेबियाने डुकरांना लाकडी कुंड करून घेतलं. आत्याच्या घरी मात्र खडू पोचला नव्हता. तिची खिडकी मागच्या बोळात होती, आणि समोर शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत. तिकडे कोण जाणार? गावानेही तोंड शिवून घेतलं होतं. आत्याची खिडकी, ती वेगळी गोष्ट.

तोंड उघडलं ते मी.

गवंड्यांचं दुपारचं जेवण माझ्याकडे होतं. त्या दिवशी काबुली चणे आणि डुकराच्या मांसाचा रस्सा केला होता. मी वाढत होते आणि साहेबांनी ताटं सरकवून टेबलावर जुनं रेखाचित्र पसरलं. बुरूज, आणि बुरुजात एक खिडकी.

"इथे समोरासमोर दोन बैठका होत्या," ते म्हणाले. "अख्ख्या बुरुजातली सर्वांत सुंदर गोष्ट. फोडून टाकली असणार. कायमची गेली."

त्या गवंड्यांत एलादियो नावाचा एक होता. तो माझ्याकडे बघत होता. आपल्यालाही काही कळतं हे त्याला दाखवायचा मोह झाला मला, आणि मी म्हणून गेले, "फोडलीबिडली नाही काही. त्यात बसून माझी आत्या मोजे रफू करते."

साहेबांचा चमचा हवेतच राहिला. माझ्या हातातला डाव रश्शात पडला.

संध्याकाळी मी आत्याकडे गेले. ती रफूच करत होती. मी सगळं सांगितलं. तिने दोरा दाताने तोडला.

"कुणी मारून मुटकून वदवून घेतलं का?"

"नाही."

"दारू प्यायली होतीस?"

"नाही गं आत्या."

"मग तो लंबूटांग गवंडी बघत असणार." ती समोरच्या बैठकीकडे वळली. "ऐकलंस गाउदेन्सिओ? तुझ्या लाडक्या लेओने आपलं घर विकलं, एका लंबूटांग गवंड्याच्या डोळ्यांसाठी."

मी रडले. तिने मला रडू दिलं. जाताना नेहमीसारखा गालाचा मुका मात्र घेतला नाही. मागे कडी लागल्याचा आवाज आला. आमच्याकडे झोपायच्या वेळेआधी कुणी दाराला कडी लावत नसे.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. आत्याने कडी काढली, कारण पाहुण्याला दारात उभं ठेवणं तिला जमायचं नाही. मी त्यांच्या मागे चोरासारखी उभी. खिडकी बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कमानीवर हात फिरवत फिरवत ते सहज उजवीकडच्या बैठकीवर बसले.

"उठा तिथून," आत्या म्हणाली.

ते ताडकन उठले. त्यांना बहुतेक सगळं तेव्हाच कळलं. ते उभ्यानेच बोलले. "बाई, कचेरीचा कागद माझ्या खिशात आहे. तो मला बाहेर काढायचा नाही. या जागी तुम्हाला काचेची नवी खिडकी बसवून देतो. थंडी येणार नाही."

"थंडीची सवय आहे मला. या दोन दगडांचं तुम्हाला काय एवढं?"

साहेबांनी विचार केला. "लोक वर येतील, त्या बुरुजात उभे राहतील, आणि नुसतं भगदाड बघतील. खिडकी असली तर त्यांना कळेल की इथे माणसं बसायची. बाहेर बघत बोलायची."

"इथून काय दिसतं? गोठा. तिथून काय दिसतं?"

"सगळं. नदी, पॉपलरची झाडं, पश्चिमेचा रस्ता, पार खिंडीतल्या वळणापर्यंत."

आत्या खिडकीतून गोठ्याच्या भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "या आता. माझा पाव भट्टीत आहे." भट्टी थंड होती, मला दिसत होती.

सकाळी ती माझ्या दाराशी हजर. काळी शाल, चर्चचे बूट, हातात काठी. "चल. तोंड लपवू नकोस, किल्ला दाखव मला."

अडुसष्ट वर्षांची बाई, त्या किल्ल्याच्या सावलीत जन्मली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा किल्ला बघायला निघाली. वाटेत चार वेळा बसलो. बुरुजाच्या आतल्या नव्या लाकडी जिन्यावर एलादियोने तिला हात दिला. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लंबूटांग आहेस, पण हात धुतोस वाटतं," म्हणाली.

भगदाडापाशी ती उभी राहिली. डावीकडे सरकली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आणि तिथेच थांबली.

"ते वळण," ती म्हणाली. "तिथे आला की आरोळी ठोकायचा. मध! डोंगरातला मध! आरोळी मला खाली ऐकू यायची, पण माणूस यायला पाऊण तास लागायचा. पाऊण तासात मी केस विंचरायचे, बदलायचे, पुन्हा तेच कपडे घालायचे." ती हसली. "इथे खिडकी असती तर येताना दिसला असता."

साहेब जिन्यात येऊन उभे होते. आत्या त्यांच्याकडे न वळता म्हणाली, "घेऊन जा. पण बैठका माझ्या घरी आहेत तशाच बसवायच्या. माझी डावीकडे, खाचेची उजवीकडे."

साहेबांनी रेखाचित्र उलगडलं. कसंनुसं तोंड केलं. "बाई, तुमच्या पणजोबांनी त्या उलट बसवल्यात. ज्या बैठकीला खाच आहे, तिच्या बाजूला फूल कोरलंय. ती मुळात डावीकडची. इथे स्पष्ट दिसतंय."

"वळण कुठल्या जागेवरून दिसतं?"

"डावीकडून."

"म्हणजे वळण बघायचं तर मला त्याच्या जागेवर बसावं लागेल. ते व्हायचं नाही."

"पण पुस्तकात ते चुकीचं ठरेल."

"पुस्तक इथे येऊन बसणार आहे का? मी बसणार आहे. रोज. किल्ली मला द्यायची."

खाली गवंड्यांच्या छिन्न्यांचा आवाज चालला होता. साहेबांनी कागद हातात धरून ठेवला होता. ते नाही म्हणाले असते तर खिडकी हुकमाने गेली असती, आणि आत्या पुन्हा माझ्याशी बोलली नसती. शेवटी त्यांनी कागदाची घडी घातली. "मुळात कुठली कुठे होती हे सांगणारं रेखाचित्र हे एकच आहे," ते म्हणाले. "आणि चित्रकारांच्या चुका होतात." कागद त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. तो त्यानंतर मी कधी पाहिला नाही.

खिडकी काढायला चार दिवस लागले. एलादियोने प्रत्येक दगड घोंगडीत गुंडाळून वर नेला. वर बैठक बसवताना त्याने विचारलं, "आत्याबाई, ही कडेची खाच चुन्याने भरून टाकू? दिसणारही नाही."

"तिला हात लावलास," आत्या म्हणाली, "तर लेओशी लग्न विसर." लग्नाचं तोवर आमच्यापैकी कुणीच बोललं नव्हतं. मी लाल झाले, तो माझ्याहून लाल. त्या संध्याकाळी तिने पुन्हा माझ्या गालाचा मुका घेतला.

शरदात किल्ला उघडला. चर्च आणि बुरूज, दोन्हींच्या किल्ल्या आत्याच्या कमरेला. माणसं यायला लागली, आधी शिक्षक, मग शाळा, मग बस भरून. आत्या दुपारी वर जायची, पाव आणि चीज घेऊन, आणि डावीकडे बसायची. उजवीकडे कुणी बसायला लागलं तर म्हणायची, "तो दगड ओला आहे." बारा महिने ओला.

एकदा सोरियाहून आलेला एक मार्गदर्शक, छान सूट घातलेला, तीस माणसांना घेऊन बुरुजात चढला. बैठकीच्या कडेवर बोट ठेवून म्हणाला, "ही खाच पाहा. वेढ्याच्या दिवसांत इथले तिरंदाज या दगडावर बाणांची पाती घासायचे."

मी आत्याला पाणी द्यायला गेले होते. आत्याकडे बघितलं. आता ती या माणसाची खरडपट्टी काढणार, असं वाटलं. पण तिने पावाचा तुकडा खाली ठेवला, ती खाच निरखून बघितली आणि गंभीरपणे म्हणाली, "होय. फार शूर होते."

आणि मग समोरच्या रिकाम्या बैठकीकडे बघून इतकी हसली की त्या तीसही माणसांना, कशाला ते न कळता, हसू आलं.

आत्या अकरा वर्षं रोज वर गेली. शेवटच्या वर्षी एलादियो तिला पाठीवर घेऊन चढायचा. १९७८ च्या नोव्हेंबरात ती आपल्या पलंगावर देवाघरी गेली, नव्या काचेच्या खिडकीखाली. ती खिडकी तिला कधी आवडली नाही. पाद्रीबाबांची बदली झाली. त्यांनी नव्या गावात पहिल्या रविवारी आधी सगळे खांब तपासले, असं आमच्याकडे हसत सांगतात. एउसेबिया पोराकडे बार्सिलोनाला गेली आणि तिथल्या चौथ्या मजल्यावरून डुकरांची आठवण काढत वारली. बेर्मेहो साहेब म्हातारपणी एकदा आले, बायकोला घेऊन. बायको उजवीकडे बसायला गेली, तर त्यांनी तिचा हात धरला. "तो दगड ओला आहे," म्हणाले.

डांबरी रस्ता झाला. पोरं त्याच रस्त्याने सारागोसाला गेली. आमचीही. एलादियोला जाऊन सहा वर्षं झाली. किल्ल्या आता माझ्याकडे आहेत. चर्चच्या दारावर चिठ्ठी लावलीय, किल्ल्या लेओकादियाकडे मिळतील म्हणून, आणि उन्हाळ्यात लोक येतात. एका जाड पुस्तकात आमच्या खिडकीचं छायाचित्र आहे. खाली लिहिलंय की कोरलेल्या फुलावरून बैठका मुळात उलट असाव्यात, बदलल्याचं कारण माहीत नाही.

गुडघे चालतात तोवर मी दुपारी वर जाते. दोन्ही बैठका रिकाम्या ठेवते आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसते. तिथूनही वळण दिसतं, थोडं.