चूक कोणाला द्यायची

आमच्या शाळेतल्या बाई, कालिपा एजे, अठ्ठावीस वर्षं गणित शिकवत होत्या आणि अठ्ठावीस वर्षांत त्यांचं एक मत काही हललं नव्हतं. गणिताचं डोकं एकतर असतं, नाहीतर नसतं. नसेल तिथं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता, पेन्शनला दोन वर्षं उरली असताना, नारीनच्या शिक्षण कचेरीतून फर्मान आलं की प्रत्येक मूल पुढं जाऊ शकतं, चुकांतूनच शिकतं, आणि शिक्षकांनी हे खुल्या धड्यात समितीपुढं करून दाखवावं. दाखवलं तर वरची श्रेणी. नाही जमलं तर गणित दुसऱ्याकडं आणि एजे ग्रंथालयात, सव्वाशे पुस्तकं आणि एका मांजराच्या सोबतीला.

खुला धडा म्हणजे काय, हे आमच्या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल. आठवडाभर तालीम करायची, भिंती रंगवायच्या, मेंढी कापायची. प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गानं हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. समितीला हातांचं रान दिसतं, शिक्षक उजव्यातलं एक पोर उठवतो, कुणाचं काही अडत नाही. पण यंदा समितीला बरोबर उत्तर नको होतं. यंदा त्यांना चूक हवी होती.

"चूकसुद्धा नेटकी पाहिजे," मुख्याध्यापक ओस्मोनअली अगाय म्हणाले. "भलत्या पोरानं भलतीच चूक केली तर शाळेची अब्रू जायची."

म्हणून चूक त्यांनी स्वतःच लिहून दिली. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. वरचे आकडे वर मिळवायचे, खालचे खाली, आणि लिहायचं दोन छेद पाच. मग एजेंनी म्हणायचं, "काही हरकत नाही, चूक ही प्रगतीची पहिली पायरी." मग तीन टाळ्या. मग वर्गात पहिली येणाऱ्या नुरपेरीनं ते पुसून पाच छेद सहा लिहायचं.

आधी चूकही नुरपेरीलाच द्यायची ठरली होती, मानाची गोष्ट म्हणून. दुसऱ्या दिवशी तिची आई दारात हजर.

"एजे, माझी पोरगी नारीनच्या लोकांपुढं चुकणार? आमच्यात सात पिढ्यांत कुणी चुकलं नाही."

"खोटं खोटं चुकायचंय गं बाई."

"मग खोटं खोटं दुसऱ्याची चुकू दे."

अशी चार घरं फिरून चूक शाळेत परत आली. शेवटी उरली बुरुलसुन. शेवटच्या बाकावर बसून पाच वर्षं इमानदारीत डावा हात वर करणारी. तिची आई लोकरीची जाजमं करते, आणि आईच्या बरोबरीनं तीही. एजे म्हणायच्या, पोरीच्या डोक्यात कमी पडलं ते देवानं हातात भरून दिलंय. खुल्या धड्यात फळ्यापर्यंत तिला आजवर कुणी नेलं नव्हतं. चूक आपल्याला मिळाली म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला की एजेंनाच कसंतरी झालं.

"घरी सराव कर हं. एक आकडा इकडचा तिकडं नको."

"नाही होणार, एजे. पन्नासदा करीन."

धड्याच्या दिवशी समितीच्या तीन बाया मागच्या भिंतीला टेकून बसल्या. व्हरांड्यातून मेंढीच्या रश्श्याचा वास येत होता, त्यामुळं त्यांचं लक्ष जरा दाराकडंच होतं.

"कोण सोडवेल?" एजेंनी विचारलं.

तेवीस हात वर गेले. एजेंची नजर सवयीनं उजव्या हातांवरून फिरली आणि अडखळली. बुरुलसुनचा हात उजवा होता. घाबरून विसरली असेल, असं म्हणून त्यांनी तिला उठवलं.

पोरगी फळ्याशी गेली. तीन छेद सहा, दोन छेद सहा, आणि शेवटी पाच छेद सहा लिहून वळली.

"दोन छेद पाच येतच नाही, एजे," ती म्हणाली. "मी घरी नान मोडून बघितला. दोन छेद पाच म्हणजे अर्ध्याहून कमी. अर्ध्या नानावर आणखी तुकडा ठेवला, तर ते अर्ध्याहून कमी कसं होईल?"

अठ्ठावीस वर्षांत पहिल्या बाकावरच्या एकाही हुशार पोरानं एजेंना हे विचारलं नव्हतं. जवळ ओढून तिचा मुका घ्यावा असं त्यांना फार वाटलं. पण दारात अगाय दात-ओठ खात पुढं चला, पुढं चला अशा खुणा करत होते, आणि एजेंना ग्रंथालयातलं ते मांजर दिसलं.

"काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. "चूक ही प्रगतीची पहिली पायरी."

तीन टाळ्या पडल्या, एका तालात. नुरपेरी शहाण्यासारखी उठली, फळ्यावरचं पाच छेद सहा नीट पुसलं आणि वळणदार अक्षरात पाच छेद सहा लिहिलं.

समितीच्या थोरल्या बाईंचे डोळे भरून आले. "बघा," त्या शेजारणीला म्हणाल्या, "चुकायला कशी जराही घाबरली नाही."

जेवायला एजेंना दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी बसवलं, मांडीचं हाड पुढ्यात ठेवलं आणि श्रेणी तिथंच जाहीर करून टाकली. एजेंनी हाड तसंच ठेवलं. हात धुण्याचं निमित्त करून त्या बाहेर आल्या, तर व्हरांड्यात बुरुलसुन टोपी चुरगाळत उभी.

"एजे, रागावलात? चूक माझ्या डोक्यातून पार गेली. पुढच्या वेळी नीट चुकेन."

"अगं, तुझं बरोबर होतं." एजेंनी तिच्या हातातली टोपी नीट केली. "मीच चुकले."

बुरुलसुननं त्यांच्याकडं समजुतीनं पाहिलं. मोठी माणसं असं बोलतात, हे तिला ठाऊक होतं.

"असू द्या, एजे. टाळ्या तर चुकीसाठीच होत्या ना."

सोमवारी एजे घरून नान घेऊन वर्गात आल्या. समिती नव्हती, अगाय नव्हते. फळ्यावर त्यांनी तेच गणित पुन्हा मांडलं, नान टेबलावर ठेवला आणि शेवटच्या बाकाकडं बघत विचारलं, "कोण सोडवेल?"

बुरुलसुननं लगेच हात वर केला. डावा.