सातवी खुर्ची

स्वीडिश कवी अमर असतो, असं आमच्या साहित्य मंडळाच्या दारावर पितळी अक्षरांत कोरलेलं आहे. एलोफ ब्रांडेलियसची तक्रार नेमकी हीच होती.

मंडळात खुर्च्या बारा. बसलेला माणूस मेल्याशिवाय खुर्ची रिकामी होत नाही, आणि नव्या माणसाने पहिल्याच दिवशी आधीच्याच्या समग्र साहित्याची स्तुती करणारं भाषण द्यायचं. सातव्या खुर्चीवर वयोवृद्ध फाबियान हुल्टक्विस्ट बसत. त्यांच्यानंतर ती एलोफला, हे ठरलं तेव्हा एलोफला केस होते.

मी मंडळाचा चिटणीस. ऑगस्टमधली शेवंडांची, म्हणजे नांग्यांच्या मोठ्या कोळंब्यांची, मेजवानी मंडळाच्याच दिवाणखान्यात, तीनशे वर्षांतल्या आमच्या कवींच्या तसबिरींखाली होते. बूट दाराशी, गळ्यात फडकं, डोक्यावर कागदी टोपी, पुढ्यात शेपू घालून उकडलेल्या शेवंडांचा ढीग. पेल्याआधी गाणं म्हणायचं, आणि ते संपेपर्यंत पेला ना प्यायचा ना खाली ठेवायचा. एवढी एक शिस्त आम्ही पाळतो.

त्या संध्याकाळी एलोफनेच लिहिलेलं गाणं होतं. लांबलचक. पहिलं कडवं संपताना फाबियान त्याच्याकडे झुकले. "डॉक्टर म्हणतो, काळीज घोड्याचं आहे माझं. शंभरी गाठणार."

"घोडा म्हातारा झाला की गोळी घालतात," एलोफ म्हणाला.

"घाल की! तुझ्या गाण्यापेक्षा लवकर उरकेल."

एलोफने शेवंड फोडायची सुरी फाबियानच्या पंज्यातून आरपार टेबलात रोवली. फाबियाननी दुसऱ्या हाताने बाटली उचलून त्याच्या टाळूवर फोडली. टोपीचा हिरवा रंग रक्तात मिसळून एलोफच्या कानांवरून ओघळला. आम्ही दुसरं कडवं घेतलं.

एलोफने म्हाताऱ्याच्या कानाचा लचका तोडला. फाबियाननी समोरची नांगी उचलून त्याच्या डोळ्यात खुपसली. मग एलोफने टेबलातली सुरी उपटली, दोघंही मोज्यांवरून घसरले आणि टेबलावरचं कापड ओढत खाली गेले.

"अरे, आवरा ना त्यांना कोणीतरी!" खजिनदार गुनबोर्ग दोन ओळींच्या मध्ये पुटपुटली.

"थांब गं, दोनच कडवी राहिलीत," मी म्हणालो.

एलोफ छातीवर बसला. तीच सुरी त्याने म्हाताऱ्याच्या गळ्यात घातली, काढली, पुन्हा घातली. चिळकांडी थेट तसबिरींपर्यंत गेली. फाबियानच्या टाचा फरशीवर आपटत होत्या, आणि ताल आमच्यापेक्षा बरा होता. शेवटच्या ओळीला त्या थांबल्या. आम्ही पेले रिकामे केले आणि धावलो.

"एवढी माणसं उभी होती, मधे कोणी पडलं कसं नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"गाणं चालू होतं," गुनबोर्ग म्हणाली.

न्यायाधीश आमच्याच गावचे. त्यांनी मान डोलावली.

आमच्या नियमांत खुनाबद्दल काही नाही, त्यामुळे खुर्ची एलोफचीच ठरली. भाषणापुरती सुटी द्यायला तुरुंगही तयार होता. तयारीसाठी त्याने फाबियानचं समग्र साहित्य मागवलं. मी सतरा खंड पोहोचवले. उरलेल्या एका डोळ्याने तो वाचत बसला. तिसऱ्या खंडानंतर त्याने खुर्ची नको असल्याचं कळवलं.

दुसरा उमेदवार अजून मिळालेला नाही. सध्या त्या खुर्चीवर आम्ही कोट ठेवतो.