वरच्या रस्त्याला दवंडी नाही

पाणी जपून वापरा, हे सांगायला आमच्या नगरपालिकेला दरवर्षी नेमका वैशाखच सापडतो. माघात तळं भरलेलं असतं तेव्हा कुणाला आठवण होत नाही. तळ्याचा तळ दिसायला लागला की सभा भरते, ठराव होतो आणि सिद्धूच्या गळ्यात हलगी पडते. शहराचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. साताऱ्याहून सांगलीकडे निघालेल्या माणसाला ते वाटेत लागतं, एवढं पुरे. ज्याच्या नळाला पाणी येत नाही त्याने ते आपलंच समजावं.

एकोणीसशे एकोणपन्नासचा मे महिना होता. स्वराज्याला दोन वर्षं होत आली होती आणि खालच्या पेठेचा नळ तीन दिवस कोरडा होता.

दवंडीचा मजकूर लिहायचे ते पाणी खात्यातले कारकून मानसिंगराव. माणूस वाईट नव्हता. वेळेवर कचेरीत यायचा, कुणाचा चहासुद्धा प्यायचा नाही. अकरा वर्षं तो दवंड्या लिहीत होता आणि आपल्या भाषेचा त्याला मोठा अभिमान होता. एकदा लिहिलेलं वाक्य तो स्वतःशीच दोनदा वाचून बघायचा. त्या मंगळवारी त्याने आधी गावाच्या खबरा लिहिल्या. जनावरांचा बाजार तळ्याकाठी न भरता माळावर भरेल, देवी टोचायला डॉक्टर बुधवारी येतील, तालमीच्या कुस्त्या पाऊस पडेपर्यंत तहकूब. मग पाण्याचा मजकूर घेतला. आंघोळीस माणशी एकच बादली घ्यावी. भांडी राखेने घासून थोडक्या पाण्यात विसळावीत. अंगणात सडा टाकू नये. बागेस नळाचे पाणी घालू नये. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारू नये. खाली दवंडी फिरवायची ठिकाणं लिहिली: खालची पेठ, कुंभार आळी, मोमीन गल्ली, बाजार, वेस. कागद सिद्धूच्या हातात दिला आणि माठातलं गार पाणी पिऊन मानसिंगराव पुढच्या कामाला लागले.

सिद्धू स्वतः खालच्या पेठेतच राहायचा. तिथली विहीर चैत्रातच आटली होती. नळापुढे उजाडायच्या आधीपासून घागरींची रांग लागलेली होती. ज्या बायांना घरी काम होतं त्यांनी घागरीच्या जागी दगड ठेवले होते. नळातून नुसती हवा सूं सूं करीत होती. रांगेत सिद्धूची बायको बनुबाईही होती. तिच्यासमोर उभं राहून त्याला पाणी जपायचा उपदेश करायचा होता. लाजेने मान खाली घालून त्याने हलगी वाजवली आणि कागद वाचायला लागला. चार अक्षरं त्याला रात्रीच्या शाळेत आली होती.

रांगेत पहिली होती मेहरुनबी. गाद्या-लेप भरून पोट भरणारी ही पिंजारीण, वयाने पन्नाशीची, बोलायला शांत. तिची सून जरिना सहा दिवसांची बाळंतीण होती आणि दोन दिवसांपासून तापाने फणफणली होती. मुलगा लियाकत सांगलीला हळदीच्या वखारीत होता. डॉक्टर येऊन बजावून गेले होते की डोक्यावर गार पाण्याच्या पट्ट्या सारख्या बदला, उकळलेलं पाणी पाजत राहा, कपडे रोज उकळून धुवा. आज रात्रीत ताप हटायला लागला नाही तर खात्री देता येणार नाही. घरात तांब्याभर पाणी होतं.

सिद्धू वाळ्याच्या पडद्यापर्यंत आला तेव्हा मेहरुनबीने त्याला थांबवलं.

"सिद्धू, वाळ्याचा पडदा मंजी काय रं?"

त्याने सांगितलं, वाळ्याच्या मुळांचा विणलेला पडदा असतो. दारावर लावतात, वर पाणी मारतात, मग घरात गार वारा येतो आणि वासही छान येतो.

"आन् त्यो आमच्यात कुणाच्या दाराला हाय?"

सिद्धूने पेठेतल्या दारांवरून नजर फिरवली. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणाच्या दाराला पोतं होतं, कुणाच्या दाराला तेही नव्हतं.

"मग ज्यांच्या दाराला हाय, त्यास्नी जाऊन सांग की."

"वरच्या रस्त्याला दवंडी न्हाई, भाभी," सिद्धू म्हणाला. "तसा हुकूमच हाय."

आता हा हुकूम काय होता तेही ऐका, नागरिकहो. पंचवीस वर्षांपूर्वी वरच्या रस्त्याला एक गोरा साहेब राहत असे. हलगीने त्याच्या मडमेची दुपारची झोप मोडली, म्हणून त्याने हुकूम काढला की वरच्या रस्त्यास दवंडी देऊ नये. साहेब बदलून गेला, मडम विलायतेला गेली, पुढे सगळं राज्यच गेलं. बंगल्यांत आपले वकील आले, मामलेदार आले, नगराध्यक्ष लालासाहेब आले. हुकूम मात्र फायलीत सुखरूप राहिला. पंचवीस वर्षांत त्या रस्त्याला कुणी काही सांगितलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. आमच्याकडे सांगणारे ओलेचिंब आणि ऐकणारे कोरडे!

मेहरुनबी ओरडली नाही. तिने सिद्धूच्या गळ्यातून हलगी काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. ती म्हणाली, वाचायला मला येत न्हाई, तू संगं चल. नोकरी जाईल म्हणून सिद्धू गयावया करायला लागला. तेव्हा बनुबाईने आपली रिकामी घागर त्याच्या पुढ्यात उलटी धरली आणि ती चालायला लागली. मग सिद्धूही निघाला. वीस-बावीस बाया रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन भर दुपारी चढण चढल्या.

वरच्या रस्त्याचं पहिलं घर मानसिंगरावांचं. एका वकिलाच्या आवारातल्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या. सगळ्या रस्त्याला वाळ्याचे पडदे, म्हणून त्यांनीही एक आणला होता. ते जेवायला घरी आले होते आणि त्यांची बायको शालूबाई तांब्या तांब्याने पडद्यावर पाणी मारीत होती. पडद्यातून निथळलेलं पाणी पायरीवरून गटारात चाललं होतं. मेहरुनबीने हलगीवर वेड्यावाकड्या दोन थापा मारल्या आणि सिद्धूने मजकूर वाचला.

मानसिंगराव हातातला घास तसाच ठेवून बाहेर आले. आपलीच वाक्यं आपल्याच दारात ते पहिल्यांदा ऐकत होते. शालूबाईने सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि तांब्या खाली ठेवला.

"अहो, हे तुम्हीच लिहिलंय ना?" तिने विचारलं. "मग मला घरात का नाही सांगितलंत?"

अकरा वर्षं या माणसाने गावाला शहाणपण शिकवलं आणि स्वतःच्या बायकोला एक शब्द बोलला नाही, कारण हा मजकूर आपल्यासाठी आहे असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. तो खालच्यांसाठी होता. त्याने चिडून मेहरुनबीलाच विचारलं की हा काय तमाशा, पाण्याची टंचाई सगळ्यांनाच आहे, सगळ्यांनीच जपून वापरायला नको का.

"जपून वापरायला आदी असावं लागतंय, साहेब," मेहरुनबी म्हणाली. "माझी सून तापानं भाजतीया. घरात तांब्याभर पानी हाय. त्यातलं तिला पाजू का तिच्या डोक्यावर ठिवू? तेवढं तुमच्या कागदात लिवलं न्हाई. तेवढं सांगा, मी जाती."

मानसिंगरावांनी पायरीवरून वाहणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. ती बायांना ठाऊक नव्हती. ठरावाप्रमाणे सगळ्या शहराला सकाळी एकच तास पाणी सोडायचं होतं. पण वरच्या रस्त्याच्या नळाची चावी दिवसभर उघडी ठेवायचं लालासाहेबांनी तोंडी सांगितलं होतं. टाकीतून येणारा मोठा नळ आधी वरच्या रस्त्याला लागतो. वर चावी उघडी असली की खाली थेंब पोचत नाही. हे त्यांना तीन दिवस माहीत होतं आणि त्यांनी तीन दिवस झोप घेतली होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

बाया पुढे गेल्या होत्या. क्लबाच्या आवारात माळी टेनिसच्या मैदानावर रबरी नळीने पाणी मारीत होता. शनिवारी साताऱ्याचे पाहुणे खेळायला येणार होते आणि मैदानावर धूळ उडू नये म्हणून रोज दोन वेळा शिंपण चाललं होतं. धूळ उडू नये म्हणून! बाया कुंपणापाशी थांबल्या. त्यांनी एवढं पाणी गुढीपाडव्यानंतर पाहिलं नव्हतं. एकीनेही घागर पुढे केली नाही, त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या. हलगीच्या आवाजाने लालासाहेब व्हरांड्यातल्या आरामखुर्चीतून उठून आले. त्यांचं पहिलं वाक्य सिद्धूला होतं, की उद्यापासून कामावर येऊ नकोस. दुसरं मागून धापा टाकत आलेल्या मानसिंगरावांना होतं. वरच्या रस्त्याला दवंडी देऊन याने लेखी हुकूम मोडला आहे, याला कमी केल्याचा कागद आत्ता तयार करा.

मानसिंगराव आयुष्यात वरिष्ठांपुढे कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"लालासाहेब, तो हुकूम मडमेच्या झोपेसाठी होता. मडम गेली. आता इथं कोण झोपलंय, ते कागदावर लिहून द्या, म्हणजे सिद्धूला कमी करतो. आणि चावी उघडी ठेवायचा हुकूमही लेखी द्या. या बायांच्या देखत द्या."

लालासाहेब लाल झाले. लेखी मात्र त्यांनी काही दिलं नाही. अशी कामं लेखी होत नसतात, हे तेही जाणून होते. तोंडाने ते बरंच बोलले, नोकरी घालवीन म्हणाले, पोलीस बोलावीन म्हणाले. मानसिंगराव ऐकायला थांबले नाहीत. ते तडक रस्त्याच्या कोपऱ्यावर गेले, लोखंडी झाकण उचललं आणि गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हाताने चावी बंद केली. तापलेल्या लोखंडाने तळहात पोळले. क्लबाच्या माळ्याच्या हातातली नळी हळूहळू मलूल झाली आणि बंद पडली.

चारच्या सुमारास खालच्या पेठेचा नळ खोकला आणि गढूळ पाणी यायला लागलं. पहिली घागर कुणाची यावर त्या दिवशी भांडण झालं नाही. सगळ्या बायांनी मेहरुनबीची घागर नळाखाली सरकवली. रात्रभर जरिनाच्या डोक्यावरच्या पट्ट्या बदलल्या गेल्या. पहाटे ताप हटायला लागला आणि तिसऱ्या दिवशी पुरता उतरला.

पुढे सभेत बरीच आदळआपट झाली. जुना हुकूम मोठ्याने वाचला गेला तेव्हा सभासदांना हसावं की रडावं कळेना, आणि तो रद्द झाला. सिद्धूची नोकरी राहिली. मानसिंगरावांना मात्र शिक्षा म्हणून पाणी खात्यातून हलवून जन्म-मृत्यूच्या नोंदीवर बसवलं. पंधरा दिवसांनी मेहरुनबी तिथे नातवाच्या जन्माची नोंद करायला आली. मानसिंगरावांनी सुवाच्य अक्षरात बाळाचं नाव लिहिलं, हाफिज. आईचं नाव लिहिलं. मग मनुष्यस्वभावच तो, त्यांना वाटलं की ही बाई आता दोन शब्द उपकाराचे बोलेल. ते वाट बघत राहिले. शेवटी हसून त्यांनीच विषय काढला की त्या दिवशी पाणी दिलं, वेळेवर पोचलं, बरं झालं.

मेहरुनबीने पदर सावरला.

"तुमी दिलं न्हाई, साहेब. आमचंच हुतं. तुमी नुस्तं सोडलं."

ती गेल्यावर मानसिंगरावांनी टाक दौतीशेजारी ठेवला. राग आला नाही. आपण अकरा वर्षांत लिहिलेल्या सगळ्या मजकुरांत एवढं खरं वाक्य एकही नव्हतं, हे त्यांना पटलं. त्या संध्याकाळी त्यांनी दारावरचा पडदा स्वतः उतरवला.

नागरिकहो, काटकसरीचा उपदेश करणं फार सोपं असतं, कारण तो नेहमी ज्याच्याकडे काही नाही त्यालाच केला जातो. एका बादलीत आंघोळ कशी करावी हे खालच्या पेठेला शिकवू नका. त्या बायांना ते तुमच्या सात पिढ्यांपेक्षा जास्त कळतं. यंदाही वैशाख आला आहे. पाणी जपा हे सांगायचंच असेल, तर ज्याच्या नळाला पाणी आहे त्याच्या दारात आधी सांगा. आणि ते दार तुमचंच असेल, तर कृपा करून झोपेचं सोंग घेऊ नका.