चमचाभर मैदा

ताईंना डॉक्टरांनी धान्य बंद केलं, ही बातमी नवऱ्याने तोंड पाडून सांगितली, तेव्हा तिने आधी पाठ फिरवली. चेहऱ्यावर मावेना एवढा आनंद झाला होता. गहू बंद, तांदूळ बंद, मका, ओट्स, झाडून सगळं बंद. तिला लग्नाआधीपासून असलेला आणि ताई इतकी वर्षं ज्याला ‘नखरे’ म्हणत आल्या होत्या तोच आतड्यांचा आजार आता याच नणंदेला निघाला होता.

नुसतं म्हणून थांबल्या असत्या तर तिने ते पोटात घातलं असतं. पण गेल्या वर्षी ताईंनी तिच्या सूपमध्ये गुपचूप मैदा कालवला. ती एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायची. दुसऱ्याच दिवशी एका मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना तिला आपलं काम दाखवायचं होतं, आणि ते पसंत पडलं असतं तर ती नोकरी सोडून स्वतःचं काम थाटणार होती. त्याऐवजी ती सलाइन लावून पडली आणि काम शेजारच्या टेबलावरच्या माणसाने उचललं. घरी आल्यावर, दोघीच असताना, ताई हसत म्हणाल्या, “अगं, चमचाभर मैदा तर घातला होता. खरंच काही होतं का बघायला. भलतीच नाजूक बाई तू!”

तिने त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी विषय काढला, तर ताईंनी कानावर हात ठेवले. “मी? मला काय वेड लागलंय?” सासरे टीव्हीचा आवाज वाढवून बसले. नवरा म्हणाला, “ताई असं कशाला करेल?” त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. केलेलं कर्म याच टेबलाशी, या दोघांच्या देखत, ताईंच्या तोंडून बाहेर पडायला हवं होतं.

आणि आता ताईंचाच फोन आला. “अगं, तुला ते धान्याशिवाय करता येतं ना सगळं? मला बाई पॅड थाई खायचंय. उकडलेल्या भाज्या चघळून जीव नको झालाय.”

“या की रविवारी,” ती म्हणाली. “सगळ्यांसाठीच करते.” आवाजातला गोडवा ऐकून तिचं तिलाच नवल वाटलं.

रविवारी ताई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. “तांदळाच्या नूडल्स नाहीत तर पॅड थाई कसलं गं?” त्यांनी नाक मुरडलं. तिने अंडी फेटून गाळून घेतली, तव्यावर पळीभर पसरली आणि रंग धरायच्या आत पापुद्रा उचलला. असे पापुद्रे एकावर एक साठले, की त्यांची गुंडाळी करून ती सुरीने बारीक कापायची आणि बोटांनी उलगडायची. लांब, पिवळ्या, एकसारख्या नूडल्स. कवळ्यांसाठी मेणाचे पातळ पत्रे कापून हात बसलेला होता. ताईंनी करून पाहिलं तर नुसत्या चिंध्या झाल्या.

“द्या इकडे,” ती म्हणाली. तेवढंही तिला गोड लागलं.

चिंचेचा कोळ, गूळ आणि माशाचा सॉस तिने एकत्र उकळला. ताईंनी येताना भेट म्हणून सोया सॉसची बाटली आणली होती, ती त्या उघडायला लागल्या.

“ताई, त्यात गहू असतो.”

“सॉसमध्ये?”

“सॉसमध्ये.”

“अगं बाई! मी तर रोज भाज्यांवर ओततेय!” ताई मटकन खुर्चीत बसल्या. तिने कढईत कोळंबी परतली, मोड आलेले मूग टाकले, सॉस ओतला, शेवटी नूडल्स घालून हलकेच खालीवर केलं आणि वरून दाण्याचं कूट भुरभुरवून लिंबू पिळलं. स्वयंपाक तिने जीव ओतून केला होता, कारण ताईंनी ताट चाटूनपुसून खायला हवं होतं.

खाल्लंही. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतलं. ताई म्हणाल्या, “हॉटेलवाल्यांनी तुझ्याकडे शिकवणी लावावी.” त्यांचा काटा बशीत खडखडायला लागला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “सॉस जरा पातळ झाला होता. म्हणून चमचाभर मैदा घातलाय. खरंच काही होतं का बघायला.”

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. हात पोटाशी गेला, कपाळावर घाम आला. “कळ येतेय गं,” त्या कण्हल्या. “मोठी कळ येतेय.” सासरे उठून उभे राहिले. नवरा ओरडला, “तू माणूस आहेस की कोण?” आणि किल्ल्या शोधायला धावला.

“चमचाभराने कुणाला काही होत नाही, असं तुम्हीच दाखवणार होतात ना ताई?” ती म्हणाली. आता बोलतील, आता कबूल करतील, म्हणून ती वाट पाहत होती. ताई नुसत्या वाकून कण्हत राहिल्या. नवऱ्याने दवाखान्याचा नंबर फिरवला तेव्हा तिचा नाइलाज झाला.

“फोन ठेव. काही घातलेलं नाही. मीही त्याच कढईतलं खाल्लंय.”

नवऱ्याचा हात फोनवरच राहिला. मग सासरे जे हसायला लागले ते थांबेनात. “म्हणजे मनाचेच खेळ!” डोळे पुसत ते म्हणाले. नवऱ्याने फोन ठेवला आणि तिच्याकडे वळला. “बघ. तुझंही तेव्हा असंच झालं असणार. उगाच वर्षभर माझ्या बहिणीवर आळ.”

तिने आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता. रडू येऊ नये म्हणून ती दात आवळून बसली. आता ताईंनी नुसती मान डोलावली असती तरी ती जन्मभराची खोटी पडली असती. ताईंनाही ते कळलं होतं. त्या सरळ बसल्या, घाम पुसला आणि बशीकडे बघत म्हणाल्या, “नाही.”

“काय नाही?” नवऱ्याने विचारलं.

“हिचे मनाचे खेळ नव्हते. मी खरंच घातला होता मैदा. आणि हिला सांगितलं नव्हतं. मग मनाला कुठून कळणार? दारात कोसळली तेव्हा मी बघत होते. घाबरले, म्हणून नाही म्हटलं.”

सासऱ्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. हवं होतं ते मिळालं होतं, शब्दाला शब्द, याच टेबलाशी. पण तिला ताईंकडे बघावंसंही वाटेना. जो राग ती वर्षभर त्यांच्या नावाने राखून होती, तो वळला होता.

“मी तुला सांगितलं होतं,” ती नवऱ्याला म्हणाली.

“अगं हो, पण...”

त्या ‘पण’च्या पुढे काय येतं ते ऐकायला ती थांबली. पुढे काहीच आलं नाही.