चार बंद खिडक्या

चर्चच्या जमिनीखालच्या दालनात ओल्या लोकरीचा, उकडलेल्या घेवड्याचा आणि बाहेर शेतात कुजायला लागलेल्या डुकरांचा वास एकमेकांत असा काही कालवला होता, की व्हर्लीनच्या तोंडात घास नुसता फिरत राहिला. टोर्नेडो येऊन गेल्याला तीन दिवस झाले होते. मांडीवर आठ महिन्यांची नडीन झोपली होती. तिच्या कानामागे घरच्या तळघरातली माती अजून चिकटलेली होती, ती व्हर्लीन ओल्या बोटानं हलकेच पुसत होती.

"खिडक्या उघडल्या होत्यास ना गं?" मिसेस हॉकनी वाढता वाढता विचारलं. सकाळपासून असं विचारणाऱ्या त्या सातव्या.

ओक्लाहोमाच्या त्या भागात शेंबड्या पोरालाही हे पाठ होतं. आभाळातून काळी सोंड उतरताना दिसली, की आधी वादळाच्या विरुद्ध बाजूच्या खिडक्या उघडायच्या, मगच अंगणातल्या तळघरात उतरायचं. नाहीतर आतली हवा कोंडते आणि घर फुटतं. व्हर्लीनचं घर फुटलं होतं.

"शेजारच्या ओडेल टटलनी सगळ्या उघडल्या होत्या," ती म्हणाली. "त्यांचं कुठं राहिलं?"

"निदान जोतं तरी राहिलं."

"जोतं माझंही आहे, मिसेस हॉक."

मिसेस हॉकनी डाव भांड्यावर आपटला आणि त्या पुढं सरकल्या.

शेजारच्या टेबलावर पुरुष मंडळी वाऱ्यानं पिसं उपटलेल्या कोंबड्यांवर हसत होती. त्याच टेबलाजवळून काल दोन शवपेट्या गेल्या होत्या. "ऑर्व्हल, देवानं सोलूनच दिल्यात," एक जण म्हणाला. "तुझ्या सुनेला आता नुसतं तळायचं काम."

"तेवढं तरी जमतंय का बघू," तिचा सासरा ऑर्व्हल म्हणाला. हनुवटीवरून रस्सा ओघळत होता, तो त्यानं मनगटानं पुसला. "माझा जुना गोठा उतरवून डॉइलला घर बांधायला लाकूड देईन म्हणालो होतो. पण जिनं चार खिडक्याही वर सरकवल्या नसतील, तिच्या डोक्यावर छप्पर कशाला घालू?"

सगळे हसले.

डॉइल, तिचा नवरा, तिला कोट टांगायच्या खुंट्यांपाशी घेऊन गेला. "उघडल्या होत्या म्हणून सांग," तो हळूच म्हणाला. "कोण बघायला जातंय? काचा तर पार पलीकडच्या गावात जाऊन पडल्यात."

"पण नव्हत्या उघडल्या."

"अगं, घर मिळतंय ना."

"त्या खिडक्या दोन हातांशिवाय वर जात नाहीत, डॉइल. पाळण्यात ही होती. आणि हात मला दोनच."

"ते मला कळतं गं. पपांना कळायची काय गरज?" त्याच्या दातात घेवड्याचं साल अडकलं होतं. व्हर्लीननं तिकडून नजर काढून घेतली.

ती टेबलापाशी परत आली. नडीन जागी झाली होती, आईची कॉलर मुठीत धरून चोखत होती.

"पपा, खिडक्या बंद होत्या," व्हर्लीन म्हणाली. "मी हात लावला नाही. पोरीला उचललं आणि पळाले."

ऑर्व्हलनं चघळणं थांबवलं नाही. "मला डॉइल वेगळंच सांगत होता."

म्हणजे हा आधीच सांगून बसला होता. सगळ्यांनी डॉइलकडं पाहिलं. त्यानं ब्रेडच्या तुकड्यानं ताट पुसायला घेतलं. पुसता पुसता म्हणाला, "मला काय माहीत? मी गावात होतो. मला ही म्हणाली उघडल्या, मी तेच सांगितलं."

तीन दिवसांत व्हर्लीननं फुगलेली डुकरं ओढली होती, विहिरीतून मेलेलं कुत्रं काढलं होतं, आणि तिला एकदाही ओकारी आली नव्हती. आता आली. ती गिळून तिनं नडीनला खांद्यावर घेतलं आणि पायऱ्या चढून बाहेर पडली.

मैदानात मदतीचे तंबू लागले होते. टेबलामागच्या कारकुनानं पेन्सिल ओली केली.

"किती माणसं, बाई?"

"दोन."

"आणि नवरा?"

"त्याला त्याच्या वडिलांचा गोठा आहे," व्हर्लीन म्हणाली.