आत्याच्या गाडीखालचा डबल स्टँड

मित्रांनो, मी एक जुना डबल स्टँड आहे आणि मला कुणाचीही दया नको आहे. जुन्या वस्तू बोलू लागल्या की रडगाणं गातात, असा तुमचा अनुभव असेल. गंज चढला, अडगळीत पडलो, कुणी विचारत नाही, वगैरे. गंज मलाही चढला आहे. पण मी अजून कामावर आहे आणि अडगळीत जायचा माझा मुळीच विचार नाही.

मला ओळखलंत ना? मोटारसायकलच्या पोटाखाली दोन पाय दुमडून बसलेला असतो, तो मी. डाव्या बाजूला एका पायाचा साइड स्टँड असतो. तो गाडी तिरकी टेकवून ठेवतो आणि त्यालाच उभं करणं म्हणतो. त्याच्याबद्दल मला फार बोलायचं नाही. मी गाडी सरळ उभी करतो. मागचं चाक जमिनीवरून उचलतो. मग ते हाताने फिरवा, साखळी पुसा, पंक्चर काढा, गाडी जागची हलत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. दोन जाड नळ्या वाकवल्या, मध्ये एक आडवी पट्टी जोडली, खाली पसरट तळवे आणि डाव्या पायातून बाहेर आलेला एक दांडा, माणसाला पाय ठेवायला. मला जोडणारी वेल्डरबाई अबोल होती. तिने माझ्या प्रत्येक जोडावर हातोडी मारून आवाज ऐकला आणि मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी. त्यानंतर बराच काळ मी दुकानातल्या भिंतीवर टांगलेला होतो. जड गाड्यांचे हौशी मालक यायचे, मला टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "हे कशाला? उगाच वजन." मग चकचकीत दिवे आणि जाडजूड पाइप घेऊन जायचे. त्यांचं वजन होत नव्हतं वाटतं.

मला नेलं ते आत्याने. अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणते. तिच्या थोरल्या भावाची पावाची भट्टी आहे आणि भट्टीतले पाव सकाळी दुकानादुकानांत पोचवायचं काम आत्याचं. त्यासाठी तिने स्वतः पसंत करून एक भलीथोरली मोटारसायकल घेतली आणि मागे दोन्ही बाजूंना दोन मोठ्या पेट्या बसवल्या. एका सकाळी गाडी साइड स्टँडवर टेकलेली असताना आत्याने घाईत उजवी पेटी आधी भरली. भार उजवीकडे गेला, गाडी सरळ झाली आणि सरळ होऊन न थांबता पलीकडे आडवी झाली. सगळे पाव गटारात गेले.

भाऊ धावत आला. तो आधी बहिणीचे हातपाय बघून मग पाव बघणारा माणूस आहे, पण घाबरला की त्याचा आवाज चढतो.

"पुन्हा एकदा ही म्हैस आडवी झाली तर विकून टाकणार आहे मी. पाव टेम्पोवाला नेईल. तू गल्ल्यावर बस."

आत्याला गल्ल्यावर बसणं ही शिक्षाच होती. सकाळचा मोकळा रस्ता, प्रत्येक दुकानापाशी थांबून केलेली थट्टामस्करी, गरम पावाची पेटी उघडताना येणारी वाफ, हे सगळं तिचं स्वतःचं होतं.  ती सरळ आमच्या दुकानात आली आणि भिंतीवर बोट दाखवून म्हणाली, "तो काळा द्या."

आता मला गाडीला बसवणाऱ्या मिस्तरीची गोष्ट ऐका. माणूस वाईट नव्हता. कामाचा उरक होता, फक्त स्वतःच्या कामावर तो जरा जास्तच खूश असायचा. मला गाडीखाली अडकवणं सोपं. दोन बोल्ट आवळले की झालं. खरी झुंज स्प्रिंगशी. ती इतकी कडक असते की हाताने ताणून आकड्यात अडकत नाही. म्हणून तिला टेबलाच्या शिकंज्यात घट्ट पकडून वाकवायची आणि वेटोळ्यांच्या फटीत वॉशर, म्हणजे लोखंडी चकत्या, खुपसायच्या. चकत्यांनी स्प्रिंग लांब होते आणि अलगद आकड्यात बसते. नंतर मला खाली ओढलं की फटी उघडतात आणि चकत्या काढून घ्यायच्या. युक्ती चांगली आहे. मिस्तरीने स्प्रिंग बसवली आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलून परत आला, तो खुशीतच. "आत्या, तुमच्यासाठी खास," असं म्हणून त्याने चिखल लागू नये म्हणून स्प्रिंगवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळला. चकत्या आतच राहिल्या.

मला त्या खुपत होत्या, पण मला तोंड कुठे आहे?

पहिल्या दिवशी आत्याने गाडी माझ्यावर चढवायचा प्रयत्न केला तेव्हा ती दोन्ही हातांनी ओढत होती. चेहरा लालबुंद झाला, पण गाडी हलेना. मिस्तरी हसून म्हणाला, "हे बाईमाणसाचं काम नाही हो. दंडात ताकद लागते." मला इतका राग आला. दंडात कशाची ताकद? आत्या मात्र दम खात उभी राहिली आणि तिने वाकून माझ्याकडे नीट पाहिलं. मग डाव्या हाताने हँडल सरळ धरलं, उजव्या हाताने सीटखालची पट्टी धरली, माझा दांडा बुटाने खाली दाबला आणि माझे दोन्ही तळवे जमिनीला लागेपर्यंत गाडी हलकेच डोलवली. दोन्ही लागले हे तिला कळलं. मग ती त्या दांड्यावर उभीच राहिली, सगळ्या अंगानिशी. गाडी स्वतःहून मागे सरकत वर आली. मिस्तरीने पाना उचलून दुसऱ्या गाडीकडे तोंड वळवलं.

पण पुढचे दिवस वाईट गेले. स्प्रिंग पूर्ण मिटत नसल्यामुळे मी पोटाशी घट्ट बसत नव्हतो, थोडा लोंबत होतो. प्रत्येक खड्ड्यात खडखडायचो. गतिरोधकावर घासायचो. आणि एका वळणावर, गाडी डावीकडे झुकलेली असताना, माझा पाय रस्त्याला लागला. गाडी उसळून पडली. आत्याचा गुडघा सोलवटला. पाव पुन्हा रस्त्यावर. लंगडत ती घरी आली तेव्हा भावाने आधी तिचा गुडघा धुऊन पुसला.

"मी एकाला उद्या गाडी बघायला बोलावलंय," तो एवढंच म्हणाला.

संध्याकाळी मिस्तरीने पाहून निकाल दिला, "स्टँडच भंगार आहे. काढून टाकू."

मित्रांनो, भंगार! ज्याच्या जोडांवर हातोडी वाजवून पाहिली गेली होती, तो मी भंगार! मला बोलता आलं असतं तर त्या मिस्तरीला चांगला फैलावर घेतला असता. मी चुकलो नव्हतो. माझ्या स्प्रिंगमध्ये त्याचीच विसरलेली चकती होती, एक नाही, चांगल्या चार-पाच.

मिस्तरीने बोल्टला पाना लावला. आत्या म्हणाली, "थांबा जरा." दुखरा गुडघा सांभाळत ती फरशीवर आडवी झाली आणि मला हाताने वरखाली करून पाहू लागली. "हा वर जाऊन ढिला का पडतो? स्प्रिंग तर नवी आहे. बघू, ह्या रबराखाली काय आहे."

"आत्या, ते रबर तर चांगलं म्हणून लावलंय मी."

"म्हणूनच बघते."

तिने रबर कापलं, मला खाली ओढलं आणि चकत्या फरशीवर टणटण पडल्या. एक गडगडत मिस्तरीच्या चपलेपाशी जाऊन थांबली. त्याने ती उचलली, पुसली आणि खिशात टाकली. "माझीच आहे," तो म्हणाला. आत्याने मला सोडलं. खाडकन वर जाऊन मी पोटाशी बसलो, कधी नव्हे इतका घट्ट. माझ्या जन्मातला तो सगळ्यात आनंदाचा आवाज.

सकाळी गिऱ्हाईक आलं. चांगला धिप्पाड गडी होता. आत्याने भावाला चकत्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं, ती नुसती दारात उभी होती. गड्याने गाडी डबल स्टँडला लावायला घेतली, दंड फुगवून ओढली, पुन्हा ओढली. मी जागचा हललो नाही. सरळ सांगतो, मला मजा आली. "हा स्टँड काढूनच द्या," तो घाम पुसत म्हणाला.

आत्या पुढे झाली. हँडल धरलं, माझे तळवे टेकवले, दांड्यावर उभी राहिली. गाडी वर आली. मग तिने मुद्दाम उजवी पेटी आधी भरली. काठोकाठ. डावी रिकामीच ठेवली.

"दादा, आता पाडून दाखव."

भावाने एका हाताने ढकललं. मग दोन्ही हातांनी. मी दोन्ही तळवे रोवून होतो. त्याला पाडता येणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी त्याने बराच वेळ हात तसेच ठेवले, आणि मला कळलं की तो आता ढकलत नाहीये, नुसता आधार घेतोय.

"मग गल्ल्यावर कोण बसणार?" त्याने विचारलं.

"तू बस. कंबर तुझी दुखते."

तेव्हापासून भाऊ गल्ल्यावर बसतो. आत्या अजून पाव नेते. तिचे गुडघे कुरकुरतात, मीही कुरकुरतो, आमचं छान जमतं. मागे तिचा जावई म्हणाला, "सासूबाई, हा स्टँड काढला तर गाडी हलकी होईल." ती म्हणाली, "आधी तुमचं पोट कमी करा, मग बघू." त्या दिवशी तिने माझ्या सांध्यात तेलाचे दोन थेंब जास्त घातले.

माझ्यासारख्यांनी शेवटी हात जोडून विनवायचं असतं. मला हातच नाहीत, आणि असते तरी मी जोडले नसते. मी फक्त सांगतो. सांध्यात तेल घाला. खडखड ऐकू आली तर मला शिव्या देण्याआधी खाली वाकून बघा. आणि माझ्यावर कधी अर्ध्या मनाने पाय ठेवू नका. दोन्ही तळवे जमिनीला लागू द्या आणि पूर्ण वजन टाका. बाकीचं माझ्याकडे लागलं.