पाठीवरची अक्षरं

“परत?” सहदेवनं हातातली पटाशी टेबलावर आपटली.

“परत,” क्षमा म्हणाली. हातातला कागद तिनं उलटाच धरला होता.

मुलुंडच्या त्या कारखान्यात बागांचे आणि बसस्टॉपचे लोखंडी बाक बनत. ओतकामाआधीचे लाकडी नमुने कोरण्यात सहदेवची एकवीस वर्षं गेली होती. पण गेल्या चार महिन्यांइतका वैताग त्याला कधी आला नव्हता. मालक चंद्रप्रकाश यांना कंपनीसाठी नवं बोधचिन्ह हवं होतं. त्यासाठी त्यांनी क्षमाला, एका जाहिरात कंपनीतल्या तरुण चित्रकार मुलीला, नेमलं होतं. तिनं पहिल्याच आठवड्यात दोन रेषा काढल्या: एक आडवी, एक उभी, जराशी मागे रेललेली. सुपारीएवढं चिन्ह, बाकाच्या पायावर. ते बघताक्षणी सहदेवला बसावंसं वाटलं होतं.

मालकांना त्यात काहीच दिसलं नाही. मग सूर्य आला. मग पृथ्वीचा गोल. मेहुण्याच्या सांगण्यावरून सिंह आला. दर वेळी क्षमा नवं चित्र काढी, सहदेव नवा नमुना कोरी आणि मालक मान वाकडी करून म्हणत, “जरा वजन पाहिजे, मॅडम.”

आजच्या सातव्या कागदावर हे सगळंच होतं, आणि खाली बोटभर जाडीच्या, उठावाच्या अक्षरांत कंपनीचं पूर्ण नाव. जागा? बाकाच्या पाठीचा बरोब्बर मध्य.

सहदेव कागद घेऊन तडक केबिनमध्ये गेला. मागोमाग क्षमा.

“साहेब, माणूस टेकून बसलो की ही अक्षरां पाठीत रुततली.”

“अरे, लोकांनी नाव वाचायचं की पाठ टेकायची?”

“बाक आहे तो, पाटी नाही,” क्षमा म्हणाली.

“मॅडम, चित्र तुमचं, बाक माझा. चला, कामाला लागा.”

सहदेवनं कोरलं. पंधरा बाक ओतले गेले, हिरवे रंगवून जवळच्या बागेत बसवले गेले. उद्घाटनाला मालकांनी आईला, रुक्मिणीबाईंना, आणलं. हार, पेढे, फोटोग्राफर. म्हातारी पहिल्या बाकावर बसली, टेकली आणि झटकन पुढे सरकली.

“आई, नीट टेकून बस ना. फोटो काढतायत.”

“टेकू कशी रे? टोचतंय मेलं!”

मालकांनी शालीची घडी करून तिच्या पाठीशी दिली. सिंहासकट सगळं नाव झाकलं गेलं. फोटो तसाच निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालक सहदेवपाशी आले. “घासून टाक सगळं. त्या बाईनं वाट लावली पार.”

“बाईंनी? साहेब, त्यांचो पयलो नमुनो अजून माझ्याकडे आसा. पायावर—”

“नको. आता काहीच नको. त्यांनाही कळवलंय.”

तीन दिवस सहदेव बागेत ग्राइंडर घेऊन अक्षरं उडवत होता. तिसऱ्या दुपारी क्षमा आली. त्यानं मशीन बंद केलं.

“बाई, मी सांगितलंय साहेबांका...”

“राहू दे, दादा.”

तिनं घासलेल्या जागेवरून तळहात फिरवला. एका ठिकाणी थांबली. “इथे अजून थोडं खरखरीत आहे.”

सहदेवनं कानस काढली आणि ती जागा गुळगुळीत केली. मग खांद्यावरच्या फडक्यानं बाक पुसला.

क्षमा बसली. हळूच मागे टेकली आणि तिनं डोळे मिटले.

अजून दोन बाक घासायचे होते. सहदेव कानस हातात धरून बाजूला उभा राहिला. मशीन त्यानं चालू केलं नाही.